रेघेवरचे ठिपके

इनक्युबेटरमध्ये चौदा प्लेटा होत्या. अकरांवर काहीच नव्हतं. दोन प्लेटांच्या कडेला हिरवट बुरशी धरली होती. चौदावीवर सत्तावीस ठिपके होते.

नुसत्या डोळ्यांनी मोजले तेव्हा एकोणीसच भरले होते. मग प्लेट खिडकीशी नेली, तिरकी धरली आणि भिंगातून पाहिलं. टाचणीच्या टोकाहून लहान, रंग नसलेले, दव पडल्यासारखे सत्तावीस. प्लेट उलटी करून मागची चिठ्ठी वाचली. अक्षर माझंच होतं: लवू आरोलकर, डावी नडगी, हाडालगतचा तुकडा.

मी सातारची. एम.एस्सी. झाल्यावरची पहिली नोकरी कुडाळजवळच्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मिळाली होती. ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. कोकणात चतुर्थीला माणूस आपल्या गणपतीपाशी असतो, मग हॉस्पिटल असो की बँक. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम गोव्याला गेल्या होत्या, भांडी निर्जंतुक करणारे गुणाजी मालवणला गेले होते आणि मीसुद्धा रात्रीची बस धरून साताऱ्याला पळाले होते. एरवी लॅबचा नियम साधा होता. रुग्णाच्या जखमेतलं थोडं द्रव्य रक्त मिसळलेल्या जेलीच्या प्लेटवर तारेने रेघा मारत पसरायचं, प्लेट उबेत ठेवायची आणि दोन दिवस पाहायची. काही उगवलं तर तो जंतू. नाही उगवलं तर ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट द्यायचा आणि प्लेट उकळायला टाकायची. निघायच्या आधी मी ह्या चौदांचे रिपोर्ट देऊन टाकले होते. उकळायला गुणाजी नव्हते, म्हणून प्लेटा तशाच उबेत राहिल्या होत्या.

मी ती प्लेट वेगळी काढून ठेवत होते तेवढ्यात खिडकीशी आवाज आला.

“इलंस गो बाय? गणपती बरे गेले मां?”

लवूकाका होते. डाव्या नडगीला बँडेज, काखेत कुबडी. लवू आरोलकर हे पाडेली, म्हणजे माडांवर चढून नारळ पाडणारे. दीड वर्षापूर्वी माडावरून पडले, नडगी मोडली, आमच्या हुपरीकर डॉक्टरांनी आत सळई घातली. हाड सांधलं, पण नडगीवर एक छिद्र राहिलं. औषध दिलं की ते मिटे, औषध थांबलं की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा वाहू लागे. असं चारदा झालं होतं. दर वेळी त्यांचं सॅम्पल माझ्याकडे येई आणि ते खिडकीशी उभे राहून माझ्याशी गप्पा मारत.

“काका, ड्रेसिंगला आलात?”

“शेवटचां. डॉक्टर म्हणाले, तुमचो रिपोर्ट बरो इलो. जंतू एक पण नाय. आता औषध बंद.”

“आणि जखम?”

“ती वाहताच हा.” त्यांनी बँडेजकडे पाहिलं. “डॉक्टर म्हणतत, मीच ती उकरतंय. तसां सरळ नाय म्हणाले, मोठो माणूस. म्हणाले, झोपेत नख लागत असात. पण तोंडार दिसला मां, झोपेतला त्येंका म्हणूचा नव्हता.”

त्यांच्या मागे एक उंच, काळा, पिळदार माणूस मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत उभा होता. हे तातू, त्यांचे थोरले भाऊ. तेही पाडेली. लवूकाका पडल्यापासून त्यांच्या वाट्याच्या माडांचे नारळही तातूच पाडत होते.

“झोपेत कसलां?” तातू म्हणाले. “जागेपणी उकरता. माड बघल्यान की ह्येची नडगी रडूक लागता. जखम मिटली तर चढूचां लागतलां, म्हणान मिटूक देणा नाय.”

“तातू, हॉस्पिटल हा ह्यां.”

“मग हॉस्पिटलात खोटां बोलू?”

लवूकाका हसले. हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “आज जेवून चढतंय गो. घरामागचो माड. सगळ्या वाडीसमोर. मगे तरी ह्येचां तोंड बंद होतलां.”

“आज नका चढू,” मी म्हणाले.

“कित्याक?”

माझ्या हातात प्लेट होती. पण त्या क्षणी सांगण्यासारखं माझ्यापाशी काय होतं? इतक्या दिवसांनी कुठलीही प्लेट घाण होऊ शकते. “मला एक गोष्ट बघायची आहे. तोवर थांबा.”

“तू बघ. तोवर मी चढान खाली येतलंय. खाली येऊक माका बरां जमता. गेल्या खेपेक तर एका दमात इलंय.”

तातू हसले नाहीत. मोटारसायकल सुरू झाली, लवूकाका कुबडी आडवी धरून मागे बसले आणि दोघे फाटकाबाहेर गेले.

मी प्लेट पुन्हा भिंगाखाली घेतली. प्रश्न एकच होता. हे ठिपके लवूकाकांच्या हाडातून आले की हवेतून?

हवेतली धूळ कुठेही पडते. तिला मी तार कुठून फिरवली होती ते ठाऊक नसतं. जेलीवर माझ्या तारेच्या रेघा अजून दिसत होत्या. मी एकेक ठिपका पाहत गेले. सत्तावीसच्या सत्तावीस रेघेवर होते. रेघांच्या मधल्या जागेत एकही नाही.

एका ठिपक्यातलं कणभर काचेवर घेऊन रंगवलं. जांभळे, गोल, घोसाघोसाने. चार महिन्यांपूर्वी लवूकाकांच्या जखमेत जो जंतू सापडला होता त्याचीही ठेवण हीच होती, पण तो एका दिवसात मोठा, सोनेरी उगवला होता. हा तोच असेल तर असा मरतुकडा का? आणि औषधाने तो मेला नव्हता का?

अभ्यासात वाचलेलं एक वाक्य आठवलं: काही जंतू पेशीच्या आत लपून राहतात. परीक्षेला ते कधी विचारत नाहीत, म्हणून मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून पुढे गेले होते. मी कपाटातून लवूकाकांच्या त्या तुकड्याची मूळ काच काढली. सुट्टीआधी ती तपासून मी ‘जंतू दिसले नाहीत’ असं लिहिलं होतं. नेहमी पाहतात तितके भाग पाहून झाले होते. आता पहिल्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि काच हळूहळू सरकवत राहिले. गुलाबी पेशी, त्यांच्यामधली रिकामी जागा. पुन्हा पेशी. मान दुखायला लागली. काच अर्धीअधिक संपली तेव्हा एक पेशी दिसली, तिच्या पोटात पाच जांभळे ठिपके होते. पुढे बऱ्याच अंतरावर दुसरी, तिच्यात आठ. पेशींच्या बाहेर, सगळ्या काचेवर, एकही नाही.

हुपरीकर सर ओपीडीत होते. आत शेवटचे दोन पेशंट बसलेले. मी दारातूनच म्हणाले, “सर, आरोलकरांची प्लेट उगवली.”

“कुठल्या आरोलकरांची? लवूची? तिचा रिपोर्ट आला ना. वाढ नाही.”

“तो दोन दिवसांचा होता. ही उबेतच राहिली होती.”

“ऋजुता, आठवडाभर राहिलेल्या प्लेटवर काहीही उगवेल. माझ्या डब्यातल्या भाकरीवरसुद्धा उगवतं.”

“सगळे रेघेवर आहेत, सर.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“एकही बाहेर नाही?”

“एकही नाही. आणि मूळ काचेवर दोन पेशींच्या आत दिसले. तुम्ही या ना.”

हुपरीकर सर वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. लवूकाकांच्या ऑपरेशनची अर्धी फी त्यांनी घेतली नव्हती आणि ते कुणाला कळूही दिलं नव्हतं. ते माझ्यामागून आले, चष्मा कपाळावर सारला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. काच पुढेमागे सरकवून पाहिली.

“मी सळईशेजारी औषधाचे मणी ठेवले होते,” शेवटी म्हणाले. “वरून इंजेक्शनं. तुझ्याच रिपोर्टप्रमाणे हा जंतू त्या औषधाला मरतो.”

“प्लेटवर मरतो, सर. प्लेटवर तो उघडा असतो. इथे तो पेशीच्या आत बसलाय. ते औषध पेशीच्या आत फारसं जात नाही. आणि आत गेलेला जंतू वाढायचंच जवळजवळ थांबवतो. वाढत नाही म्हणून औषधाला सापडत नाही, आणि वाढत नाही म्हणून दोन दिवसांत आपल्यालाही दिसत नाही. औषध थांबलं की त्यातले थोडे बाहेर येतात.”

“आणि जखम वाहते.”

“हो.”

“खात्री किती?”

“पक्कं नाव सांगायला अजून दोन-तीन दिवस लागतील. पण हाडात जिवंत जंतू आहे, एवढं आज सांगते.”

सरांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. “जंतू असलेलं हाड किती पोकळ झालंय कुणास ठाऊक. एक्स-रेला सळईची सावली येते तिथे.” मग एकदम ताठ झाले. “मी त्याला सांगितलंय, काम सुरू कर म्हणून.”

“ते आज चढणार आहेत, सर. जेवून.”

सरांनी घड्याळ पाहिलं नाही, भिंतीवरच्या खुंटीवरून गाडीची किल्ली घेतली. वाटेत मी तीनदा फोन लावला. आरोलकरांची वाडी वेंगुर्ल्याच्या बाजूला; तिथे तेव्हा रेंज असली तर असे.

आरोलकरांच्या अंगणात वीसेक माणसं होती. पाच दिवसांचा गणपती पोचवून झाला होता. पडवीत गणपतीवर बांधलेल्या माटवीची फळं अजून टांगलेली, खाली मुलं त्यातली सुपारी मोजत होती. मागच्या बाजूने तातूंचा आवाज येत होता.

“आणि चार हात! चार हातांत काय मरतंस काय?”

आम्ही घरामागे धावलो. लवूकाका माडावर होते. दोन पुरुष उंचीवर. दोन्ही पावलांत दोरीचं कडं, कमरेच्या आकडीत कोयता, दोन्ही हातांनी खोडाला मिठी. ते वर जात नव्हते आणि खालीही येत नव्हते. डावा पाय घोट्यापासून थरथरत होता. बँडेज ओलं झालं होतं आणि खोडावर तेवढ्या जागी काळपट डाग पडला होता. त्यांची बायको वासंतीवहिनी बुंध्याशी उभी होती, दोन्ही हात पुढे करून, जणू तेवढ्या हातांवर ते मावतील.

“लवू, उतर,” सर म्हणाले.

तातू वळले. “डॉक्टर, तुम्हीच तर म्हणालात, बरो झालो.”

“म्हणालो होतो.”

“जंतू नाय म्हणालात.”

“तेही म्हणालो होतो. आहेत. मी चुकलो. त्याने जखम उकरलेली नाही. ते हाड आतून पोखरलंय, तातू, पाय त्याच्यावर टाकला तर पुन्हा मोडेल. उतरव त्याला.”

तातूंनी पायातल्या चपला काढल्या. कडंबिडं न घेता ते नुसत्या पायांनी माडावर गेले, लवूकाकांच्या खाली पोचले आणि त्यांचा डावा पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला. “भार माझ्यार सोड,” एवढंच म्हणाले. दोघे तसेच एकेक वीत खाली आले.

लवूकाकांना पडवीत बसवलं. वहिनींनी पाणी दिलं. मी समोर उकिडवी बसून सांगायला लागले, पेशी म्हणजे काय, जंतू आत कसा शिरतो, औषध आत का पोचत नाही. दोन वाक्यांत माझी जीभ अडखळली. हा विषय मी कधी साध्या मराठीत समजावला नव्हता.

लवूकाकांनी हात वर केला. “म्हणजे माझ्या नडगेक सोंडो लागलो.”

“काय?”

“माडाक सोंडो लागता. किडो. खोडात शिरता आणि आतल्या आत खाता. वरसून माड हिरवोगार. नुसत्या एका भोकातसून लालसर पाणी गळता. वरसून कितीय फवारणी कर, तेका काय लागणा नाय. तो खंय भायर हा? औषध भोकात ओतूचां लागता, आत.”

“तेच,” मी म्हणाले. “अगदी तेच.”

“मगे इतको वेळ शाळा कित्याक घेतंस?”

पडवीत पहिल्यांदा हसू फुटलं. सरही हसले. तातू मात्र पायरीवर पाठ करून बसले होते, तळव्याला लागलेलं साल सोलत.

“तातू,” लवूकाका म्हणाले, “एक सांगतंय. आता सगळीच बसलीत हत तर आयकान घेवा. जखम मी उकरूक नाय. पण माका भीती वाटता, तां खरां. आता वर व्हतंय तेव्हाय वाटत होती. माड हलता तेव्हा हात खोडाक चिकटतत. भीती वेगळी आणि पू वेगळो. तुम्ही दोघांची एकच गाठ मारल्यात.”

“मगे चढलात कित्याक?” वहिनी म्हणाल्या. रडवेल्या होत्या, पण आवाज रागाचा होता.

“भीती वाटता म्हणून सांगितलां असतां, तर जखमेचां कोण खरां मानतलो होतो?”

सर उठले, म्हणाले, “उद्या सकाळी आणा. सळई काढायला लागेल.”

दुसऱ्या दिवशी लवूकाकांना दाखल केल्यावर तातू लॅबच्या दाराशी आले. आत यायला कचरत होते. अंगावर धुतलेला शर्ट होता.

“ते ठिपके माका बघूक मेळतले?”

मी प्लेट बंदच ठेवून खिडकीत धरली आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. ओठ हलवत त्यांनी मोजलं. एकदा मोजलं, मान हलवली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नारळाचे ढीग मोजण्यात ज्याचा जन्म गेला त्याला घाई नव्हती.

“सव्वीस.”

“सत्तावीस आहेत. हा बघा, अगदी कडेला.”

त्यांनी वाकून पाहिलं. “जिते असत हे?”

“हो.”

“आणि इतको वेळ लवू औषध खात होतो.”

“हो.”

“हां.” भिंग त्यांनी शर्टाला पुसून परत दिलं. दारापर्यंत गेले आणि थांबले. “लवूक दाखवलंस?”

“नाही अजून.”

“दाखव. आणि सांग, मी येवन मोजून गेलंय.”

जंतूचं नाव तिसऱ्या दिवशी पक्कं झालं. ताज्या प्लेटवर पसरल्यावर बहुतेक ठिपके तसेच बारीक राहिले. एक मात्र मोठा, सोनेरी झाला, चार महिन्यांपूर्वीच्या त्याच जंतूसारखा. त्याच आठवड्यात सरांनी सळई काढली, हाड आतून खरवडलं आणि पाय बाहेरून चौकटीत धरला. औषधं ह्या वेळी दोन होती, त्यातलं एक पेशीच्या आत जाणारं. लघवी केशरी होईल, घाबरू नका, असं मी लवूकाकांना बजावलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, “गणपतीत रंगवल्यासारखां वाटता.” मॅडम गोव्याहून परतल्यावर इनक्युबेटरच्या दारावर एक चिठ्ठी लागली: हाडाच्या प्लेटा चौदा दिवस टाकू नयेत. गुणाजींनी ती वाचून कपाळावर हात मारला, कारण जागा त्यांना पुरत नसे.

लवूकाका नंतर पुन्हा माडावर चढले नाहीत. तातू वर जातात आणि हे खाली खुर्चीत बसून कुठली पेंड, म्हणजे नारळांचा घड, तयार आहे ते ओरडून सांगतात. मध्ये एकदा मी त्या वाटेने गेले तेव्हा वरून तातू म्हणत होते, “भित्रो माणूस खालसून केवढो बोलता बघ!” आणि खालून उत्तर गेलं होतं, “भित्र्याची नजर चांगली, म्हणून तुका नारळ गावतत.”

पण ते पुढचं. त्या वर्षी दिवाळीनंतर नवी सळई घालायची होती, आणि ती घालायची की नाही हे हाड स्वच्छ झालंय का ह्यावर होतं. सरांनी हाडाच्या पाच जागांवरून पाच तुकडे घेऊन माझ्याकडे पाठवले. मी पाच प्लेटांवर ते पसरले. दोन दिवसांनी काही नव्हतं, ह्याला आता अर्थ नव्हता. पाचव्या दिवसापासून तातूंचा फोन येऊ लागला. रेंज मिळावी म्हणून ते शेजारच्या टेकडीवर जात.

“मोजलंस?”

“अजून नाही संपलं, काका.”

“बरां.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “मोजलंस?”

शेवटच्या सकाळी मी लॅब उघडून एप्रन चढवत होते तेव्हाच फोन वाजला. मी तो उचलला आणि टेबलावर उघडाच ठेवला. टेकडीवरचा वारा ऐकू येत होता, आणि तातूंच्या शेजारी आणखी कुणीतरी कुबडी टेकत खोकत होतं. मी पाचही प्लेटा खिडकीशी नेल्या, एकेक तिरकी धरली, भिंग घेतलं, आधी रेघांवरून गेले, मग रेघांच्या मधून, मग कडेने. मग पाचही पुन्हा एकदा.

चौदावा दिवस. पाच प्लेटा. ठिपके: शून्य.